सुटे टप्पे चालतात, सलग मशीन मध्येच थांबते: काय तपासायचे, काय बदलायचे

एका टप्प्याने पुढचा टप्पा सुरू करायचा, अशा साखळी-मशीनबद्दलची (रूब गोल्डबर्ग मशीनबद्दलची) तक्रार जवळपास नेहमी याच शब्दांत येते. गोटी घरंगळते, डोमिनो पडतात, शेवटचा डोमिनो तरफेवर आपटतो, तरफ खिट्टी ओढते, वजन खाली येते आणि घंटी वाजते. यातला एकेक टप्पा वेगळा करून पाहिला तर छान चालतो. सगळे जोडून पहिली गोटी सोडली की मध्येच कुठेतरी अडते. पुन्हा मांडले की आता भलत्याच ठिकाणी. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री घरोघरी हेच चाललेले असते, आणि घाईत जो टप्पा थांबला त्यालाच दोष देऊन तो बदलला जातो. खरा दोष बहुतेक वेळा दोन टप्प्यांच्या सांध्यात असतो. एकाने दुसऱ्याला जे द्यायचे ते कमी पडते, तिरके लागते किंवा उशिरा पोचते. त्यामुळे खालची सगळी तपासणी सांध्यांची आहे.

आधी हा हिशेब

समजा मशीन २० टप्प्यांचे आहे आणि प्रत्येक टप्पा १०० पैकी ९५ वेळा चालतो. ऐकायला उत्तम वाटते, पण वीसही टप्पे एका दमात पार पडण्याची शक्यता १०० पैकी फक्त ३६ असते. प्रत्येक टप्पा ९९ वेळा चालणारा केला तर ती ८२ वर जाते. म्हणून ‘पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा चालले’ याला फारसा अर्थ नाही. १०० पैकी ८० वेळाच चालणारा कच्चा टप्पाही सलग पाच वेळा चालून दाखवण्याची शक्यता ३३ टक्के आहे. सलग वीस वेळा चालून दाखवण्याची मात्र जेमतेम एक टक्का. तेव्हा एका सांध्याची परीक्षा वीस वेळांची. त्यातला हाताने मांडण्याचा वेळ वाया जात नाही. कुठे घासते, कुठे किंचित डुगडुगते हे डोळ्यांआधी बोटांना कळते.

थांबते कुठे, ते कागदावर उतरवा

टप्प्यांना आकडे द्या आणि सांध्यांना जोडआकडे: सातव्याकडून आठव्याकडे जाणारा सांधा ७-८. मशीन दहा वेळा सलग चालवा आणि प्रत्येक वेळी कोणत्या सांध्यावर थांबले ते लिहा. मध्ये काहीही दुरुस्त करायचे नाही. मोह होतोच, पण दुरुस्ती केली की आधीच्या नोंदी निरुपयोगी होतात.

दहापैकी सात-आठ नोंदी एकाच सांध्यावर आल्या तर तिथले अंतर, उंची किंवा जोर चुकला आहे. नोंदी चारी दिशांना विखुरल्या असतील तर सगळ्या मशीनला लागू होणारे काहीतरी बिघडले आहे. अशा वेळी पहिला संशय पायावर, म्हणजे मशीन ज्यावर उभे आहे त्यावर घ्या. नंतर वारा, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी वेगळी होणारी मांडणी.

मोबाइलवरचे स्लो मोशन इथे फार उपयोगी पडते. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या साध्या व्हिडिओत सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी गोटी दोन चित्रांच्या मध्ये तीन सेंटिमीटरहून जास्त सरकते, म्हणजे ती तरफेवर आपटून उडाली की काठावरून घसरली ते दिसतच नाही. २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये तेच अंतर चार मिलिमीटरवर येते. फोन सांध्याच्या उंचीवर आडवा ठेवा आणि मागे एकेक सेंटिमीटरच्या रेघा मारलेला पांढरा कागद लावा. ट्यूबच्या उजेडात स्लो मोशन लुकलुकते, म्हणून हे चित्रण दिवसा खिडकीजवळ करा.

येणाऱ्याने फक्त खिट्टी काढायची

सर्वांत जास्त मशीन इथेच मार खातात, म्हणून हे सविस्तर.

१६ मिलिमीटरची काचेची गोटी साधारण पाच ग्रॅमची असते. ती १० सेंटिमीटरवरून पडली तर तिच्याकडे जेवढी ऊर्जा असते, तेवढ्यात ५० ग्रॅमचे वजन जेमतेम एक सेंटिमीटर उचलले जाईल, तेही काहीच वाया गेले नाही तर. प्रत्यक्षात गोटी उसळते, तरफ थरथरते, टेकू घासतो, आणि निम्म्याहून जास्त त्यातच जाते. म्हणून गोटीने तरफ दाबावी, तरफेने वजन उचलावे, वजनाने दार उघडावे अशी रचना कागदावर शोभते आणि टेबलावर अडते.

उपाय एकच: प्रत्येक टप्प्याची स्वतःची ऊर्जा आधीच भरून ठेवा. उंचावर धरलेले वजन, ताणलेले रबर, उताराच्या तोंडाशी अडवलेली गोटी, उभा केलेला डोमिनो हे सगळे ऊर्जेचे साठे आहेत. येणाऱ्याने फक्त अडसर काढायचा, पुढचे काम साठ्याने करायचे. ही यंत्रे जगभर ज्यांच्या नावाने ओळखली जातात ते अमेरिकन व्यंगचित्रकार रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) हे १९०४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले गृहस्थ होते. त्यांच्या चित्रांत पोपट बिस्किटासाठी स्वतःच्या बळावर उडी मारतो, रॉकेट स्वतःच्या दारूवर उडते. आधीच्या टप्प्याने त्यांना फक्त निमित्त दिलेले असते.

याचा उत्तम नमुना म्हणजे घरातला उंदराचा लाकडी सापळा. दाराची स्प्रिंग ताणून आकडी अडकवलेली असते. आमिषाला किंचित झटका बसला की आकडी सुटते आणि दार खाडकन बसते. आमिषाच्या आकडीला दोरा बांधला की गोटीएवढ्या जोरावर पुढे डझनभर डोमिनो पाडता येतील इतका दणका मिळतो. लहान मुलांकडून हा टप्पा मांडून घेऊ नका. दार बोटावर बसले तर जोरात लागते.

आता मोजमाप. खिट्टी काढायला नेमका किती जोर लागतो ते असे मोजा. खिट्टीला दोरा बांधून तो कप्पीवरून खाली सोडा, टोकाला कागदी कप टांगा आणि त्यात एकेक नाणे अलगद ठेवत जा. रुपयाचे चिन्ह असलेले २०११ च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे, पाचचे ६ ग्रॅमचे. वेगवेगळ्या मालिकांची वजने वेगळी असतात, म्हणून एकाच मालिकेची नाणी घ्या. खिट्टी सुटली त्या वेळी कपासकट जेवढे वजन असेल तेवढी तिची गरज. येणारा टप्पा त्याच्या निदान तिप्पट ओढ देऊ शकला पाहिजे. दुप्पट असेल तर दिवसभर चालेल आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर थांबेल.

तिप्पट होत नसेल तर येणारा जोर वाढवण्याआधी खिट्टीची गरज कमी करा. दोन भाग एकमेकांत पाच-सहा मिलिमीटर अडकलेले असतील तर ते दोनवर आणा. टेकणाऱ्या कडा कानशीने सरळ करून आधी १८० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, वर शिसपेन्सिल घासा. तेल लावू नका. त्यावर धूळ बसते आणि दोन दिवसांत खिट्टी चिकटते.

खिट्टी जास्त हळवी झाली तर पावलांच्या हादऱ्यानेच सुटते. याची परीक्षा सोपी आहे: सगळे सज्ज करून पाटाच्या कोपऱ्यावर वीतभर उंचीवरून मूठ आपटा. सुटली तर पकड अर्धा मिलिमीटर वाढवा. मुठीला सुटू नये आणि तिसऱ्या हिश्श्याच्या ओढीला सुटावी, या दोहोंच्या मधली जागा सापडली की त्या खिट्टीला पुन्हा हात लावायचा नाही.

गोटी एका पन्हळीतून दुसरीकडे जाताना

रुळांसाठी वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी, झाकण काढून, मध्ये पडदा नसलेली घ्या. २५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत १६ ची गोटी मोकळी धावते. एक मीटरला पाच सेंटिमीटर उतार पुरतो. तीनच्या खाली गेलात तर एखादा धुळीचा कण तिला थांबवतो, दहाच्या वर गेलात तर ती वळणावरून बाहेर उडते.

सांध्यावर पुढची पट्टी मागचीपेक्षा एक ते दोन मिलिमीटर खाली हवी. समोरासमोर अगदी सपाट जुळवलेला सांधा उन्हात पट्टी जराशी वाकली की उलटा होतो, म्हणजे पुढची कड वर येते आणि गोटीला पायरी लागते. पुढच्या पट्टीच्या तोंडाची आतली कड कानशीने तिरपी करून ठेवा.

आता गोटी पट्टीच्या टोकावरून खाली कपात पडते तो सांधा घ्या. एक मीटर लांब, पाच सेंटिमीटर उताराच्या पट्टीवरून सुटणारी गोटी सेकंदाला साधारण ०.८ मीटर वेगाने बाहेर येते. कप १० सेंटिमीटर खाली असेल तर ती टोकापासून सुमारे १२ सेंटिमीटर पुढे पडेल. पट्टी मळली आणि वेग ०.७ झाला की १० सेंटिमीटरवर. हा दोन सेंटिमीटरचा फरक छोट्या कपाला पुरून उरतो. कप मोठा करणे हा अर्धाच इलाज, कारण गोटी काठावर आपटून बाहेर जातेच. त्यापेक्षा टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटरवर एक उभी फळी लावा, तिला जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा चिकटवा आणि खाली नरसाळे धरा. सोलापुरी टॉवेलचे ते फंदे गोटीचा वेग असा पिऊन टाकतात की ती जोरात येवो वा हळू, खाली एकाच जागी पडते. मागची चूक तिथेच मिटते आणि पुढचा टप्पा दरवेळी कोऱ्या पाटीवर सुरू होतो. दर तीन-चार टप्प्यांनंतर असा एक विसावा ठेवला की मशीनच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

नरसाळ्यासाठी सुताचे रिकामे कागदी कोन अप्रतिम. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा अशोक चौक, साखर पेठेच्या बाजूला कोणत्याही कारखान्यात मागितले तर मूठभर मिळतात. रुंद तोंड वर करून बसवा. निमुळत्या टोकाच्या भोकातून गोटी अडखळत नाही ना, ते आधी बघा, आणि कोनाची आतली कड चुरगळलेली असेल तर ती कापून टाका. तरफेच्या ताटलीतही त्याच टॉवेलचा तीन सेंटिमीटरचा चौकोन ठेवा. गोटी उसळून बाहेर पडण्याची तक्रार तिथेच संपते.

पिशवीत मिळणाऱ्या गोट्या एकसारख्या नसतात. पुठ्ठ्याला १६ मिलिमीटरचे भोक पाडून त्यातून जेमतेम जाणाऱ्या तेवढ्याच घ्या, कंगोरा आलेल्या बाजूला टाका. अगदी नेमकेपणा हवा तिथे सायकलच्या दुकानातले पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचे पोलादी छर्रे वापरा. साधारण एकेक ग्रॅमचे, आणि एक दुसऱ्याची हुबेहूब नक्कल.

डोमिनो

बहुतेक चुका अंतराच्या. पाच सेंटिमीटर उंचीच्या डोमिनोंमध्ये दीड ते दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. अंतर वाढले की मागचा पुढच्याच्या पायाशी लागतो आणि पुढचा पडण्याऐवजी सरकतो. वळणावर आतल्या बाजूचे अंतर बघा, बाहेरचे नको.

सुताराकडून कापून घेत असाल तर आठ मिलिमीटरचा एमडीएफ, ५ × २.५ सेंटिमीटर. गुण्या लावून तळ काटकोनात आहे का ते एकेक तपासा. तळ तिरका असलेले वीस-पंचवीस नग प्रत्येक खेपेत निघतातच, ते उतरंडीला वापरा. काड्यापेट्यांचे डोमिनो स्वस्त पडतात, पण हलके असल्याने वाऱ्याने पडतात. आत मातीची गोळी बसवा.

जोर वाढवायचा तर चढते डोमिनो लावा. एक डोमिनो स्वतःच्या दीडपट मोठ्या डोमिनोला पाडू शकतो हे लोर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ साली दाखवून दिले. घरच्या कापणीला दीडपट फार ताणलेले होते, १.३ पट धरा: ५, ६.५, ८.५, ११, १४ सेंटिमीटर. लांबी-रुंदीबरोबर जाडीही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे, नाहीतर मोठा डोमिनो नुसता पुठ्ठ्यासारखा डुलतो. पाचव्या डोमिनोचा मार पहिल्याच्या कैकपट असतो, आणि तो कोणतीही खिट्टी काढतो.

मांडताना दर पंधरा-वीस डोमिनोंनंतर तीन जागा रिकाम्या सोडा आणि त्या सगळ्यांत शेवटी भरा.

तरफ, दोरा, कप्पी

तरफेच्या टेकूला सायकलचा दोन मिलिमीटरचा आरा आणि तीन मिलिमीटरचे भोक. खिळा ठोकून केलेला टेकू हा कधी चालणारा, कधी न चालणारा सांधा असतो, कारण खिळा जेवढा आत जाईल तेवढी तरफ आवळली जाते. रिकामी असताना तरफेचे गोटीकडचे टोक किंचित वर राहील इतकाच भार दुसऱ्या टोकाला ठेवा. दोन ग्रॅमचा फरक पुरतो. पाच ग्रॅमची गोटी आली की तीन ग्रॅम शिल्लक उरतात. तरफेची हालचाल कुठे संपते तिथे दोन्ही बाजूंना अडसर लावा. नाहीतर ती जास्त फिरते, परत येते आणि खिट्टी पुन्हा जागेवर बसवते. स्लो मोशनशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दोऱ्याच्या बाबतीत एक आकडा ध्यानात ठेवा. दोरा साध्या खिळ्यावरून अर्धा वळसा घेऊन नेला तर घर्षणामुळे ओढ जवळजवळ अडीचपट लागू शकते. असे दोन खिळे आले की सहापटीच्या वर. वरच्या तिप्पटीच्या हिशेबाचा तिथेच चुराडा होतो. म्हणून जिथे दोरा वळतो तिथे मोकळी फिरणारी कप्पी हवी. प्लॅस्टिकचे बॉबिन आऱ्यावर बसवले तरी चालते. त्याहून चांगले म्हणजे वळणच काढून टाका आणि टप्पे सरळ रेषेत आणा.

सूत आपल्या गावात मुबलक, म्हणून प्रत्येक जण तेच ओढायला वापरतो. पण सुती धाग्याला पीळ असतो. वजन टांगले की ते गरगर फिरते आणि आकडी तिरकी होते. शिवाय तो ताणाखाली लांबतो. रात्री ताठ बांधलेला दोरा सकाळी ढिला सापडतो आणि तरफेची पहिली हालचाल नुसता ढिलेपणा आवरण्यात जाते. ओढीसाठी तंगूस (नायलॉनचा गुळगुळीत धागा) वापरा, गाठीवर फेविक्विकचा थेंब सोडा, कारण तंगुसाची गाठ सुटते. मांजा अजिबात नको, तो कप्पीही कापतो आणि बोटेही. सुती धागा राखून ठेवा तो मेणबत्तीने जाळून तोडायच्या टप्प्यासाठी. तिथे तंगूस वितळून लोंबतो आणि सूत स्वच्छ तुटते.

सावकाश चालणारे टप्पे

मशीनमध्ये एखादा थांबा असला की बघणाऱ्यांचा श्वास अडकतो, आणि त्यासाठी वाळू, धान्य, पाणी, सोडा-व्हिनेगर वापरतात. हे सगळे एकसारखे वागत नाहीत.

पाण्याची धार बाटलीतली पातळी उतरली की मंदावते, म्हणून शेवटचा पाव भाग फार वेळ खातो. बाटली रुंद आणि उथळ घ्या. धान्याचे वेगळे: भोकातून पडणाऱ्या दाण्यांचा वेग वर ढीग किती आहे यावर जवळपास अवलंबून नसतो, त्यामुळे धान्याचे घड्याळ जास्त इमानी. फक्त भोकाचे माप चुकू नये. दाण्याच्या पाचपट रुंदीपेक्षा भोक लहान असले तर दाणे एकमेकांना टेकून कमान करतात आणि गळती बंद पडते. ज्वारी घरात असते म्हणून तीच घेतली जाते. तिचा दाणा चार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे भोक २०–२५ मिलिमीटरचे हवे, आणि तेवढ्यातून अर्धा किलो ज्वारी बघता बघता रिकामी होते. बाटलीच्या बुचाला १२ मिलिमीटरचे भोक पाडून ज्वारी भरली तर ती हमखास तुंबते. थांबा लांबवायचा असेल तर राजगिरा घ्या: दाणा मिलिमीटरभर, भोक सात-आठ मिलिमीटर. रवा दमट हवेत गोळा होतो, तो नको. वाळू मैद्याच्या चाळणीतून गाळून, उन्हात वाळवून वापरा.

सोडा-व्हिनेगरने फुगा फुगवायला लागणारा वेळ दरवेळी बदलतो. हा टप्पा ठेवायचाच असेल तर त्याच्या आधी-नंतर वेळेशी बांधलेले काही नको. मेणबत्तीच्या टप्प्याजवळ पाण्याचे भांडे आणि एक मोठे माणूस.

दोन वाटा एकत्र येतात तिथे

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालताना पाहिला असेल तर आठवा: धागे वर-खाली होणे, धोटा पलीकडे जाणे, फणीने बाणा (आडवा धागा) ठोकणे हे सगळे दातेरी चक्रांनी एकमेकांत बांधलेल्या शाफ्टांवरून चालते. जॉबरने (माग जुळवणाऱ्या कारागिराने) एकदा टायमिंग बसवले की प्रत्येक फेऱ्यात ते आपोआप जुळते. आपल्या मशीनला असा सामाईक शाफ्ट नसतो. पहिल्या टप्प्यातला पाव सेकंदाचा उशीर पुढे सरकत राहतो, त्यात प्रत्येक टप्पा आपला थोडा घालतो.

म्हणून दोन वाटा फुटून पुन्हा एकत्र येणार असतील तर ‘दोन्ही गोट्या एकाच क्षणी पोचतील’ या भरवशावर काहीही बांधू नका. आधी येणाऱ्याने थांबायला हवे. याची साधी सोय अशी: पुढचे वजन दोन खिट्ट्यांनी धरून ठेवा. एक वाट पहिली खिट्टी काढेल, दुसरी वाट दुसरी. कुणीही आधी येवो, दोन्ही निघाल्याशिवाय वजन सुटत नाही. खिट्ट्या एकाखाली एक ठेवल्या तर पहिली निघाल्यावर सगळा भार दुसरीवर येऊन ती आवळते, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी आडव्या ठेवा. आणि तिप्पटीचे मोजमाप प्रत्येक खिट्टी एकटीने पूर्ण भार धरलेला असताना घ्या.

ऊन, पंखा, फरशी

नोंदी विखुरलेल्या आल्या तर इथे या.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. ग्लू गनचा गोंद साठ अंशांच्या आसपास ढिला पडू लागतो. उन्हात राहिलेल्या फळीवर तेवढी गरमी सहज होते. मग तरफेचा टेकू दोन मिलिमीटर कलतो आणि सकाळी चाललेले मशीन दुपारी थांबते. भार घेणारा प्रत्येक सांधा स्क्रूने किंवा फेविकॉलने करा आणि फेविकॉल रात्रभर सुकू द्या. डबल टेप फक्त कागद-पुठ्ठ्यासाठी. रबर बँड ताणून ठेवले की काही तासांत बळ गमावतात, उन्हाळ्यात आणखी लवकर. दर प्रयोगाला नवे लावा आणि सगळ्यांत शेवटी ताणा. फुगेही तसेच.

पंखा बंद करा, खिडकी लावा. खोलीत पाच-सहा जण उभे असतील तर त्यांच्या हालचालीच्या वाऱ्यानेही काड्यापेटी पडते, म्हणून प्रेक्षक दोन पावले मागे.

शहाबादी फरशीवर थेट मांडू नका. एका फरशीवरून दुसरीवर जाताना उंची बदलते आणि चिरेत गोटी बसते. १८ मिलिमीटरची प्लाय खाली घ्या, पाणसळ ठेवून चारही कोपरे बघा, डुगडुगत असेल तिथे पोस्टकार्डाच्या घड्या घाला. प्लायचे दोन तुकडे असतील तर खालून पट्टी मारून ते एक करा. सनमायका लावलेल्या टेबलावर डोमिनो घसरतात. तिथे त्यांच्या रांगेखाली साधा ड्रॉइंग पेपर चारी बाजूंनी चिकटवून घ्या. चादर अंथरून त्यावर मांडले तर एकही डोमिनो सरळ उभा राहत नाही.

वीज लागणारे टप्पे तीन व्होल्टच्या सेलवरच ठेवा. दारावरच्या घंटीचे बटण दाबायला गोटीचा जोर पुरत नाही. दोन अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या आणि त्यांवर पडणारे पोलादी वजन हा स्विच जास्त खात्रीचा. फॉइल दर दिवशी बदला.

पुन्हा मांडताना

‘काहीच बदलले नाही तरी थांबले’ याचा अर्थ बहुतेक वेळा असा की मांडणीत काहीतरी सरकले आणि ते दिसले नाही. प्रत्येक वस्तूची जागा मार्करने प्लायवर आखून घ्या: डोमिनोची पहिली आणि शेवटची चौकट, तरफेच्या पायाची कड, वजनाच्या तळाची उंची, दोरा ताठ असताना गाठ कुठे येते ती खूण. अंदाजाने ठेवायचे काहीही नको.

प्रत्येक खिट्टीत एक सुरक्षा-टाचणी घाला आणि तिला लाल सूत बांधा. जेवढ्या खिट्ट्या तेवढ्या टाचण्या मोजून डब्यात ठेवायच्या. मांडणी सुरुवातीपासून शेवटाकडे करा. बरेच जण शेवटाकडून करतात आणि मग मध्ये हात लागला की पुढचे सगळे मांडलेले कोसळते. सुरुवातीकडून आलात तर हातातला टप्पा सुटला तरी त्याच्यापुढे अजून काही उभेच नसते. टाचण्या काढण्याचा क्रमही तोच, पहिल्यापासून शेवटाकडे: एखादी खिट्टी चुकून सुटली तरी पुढचीत टाचणी असल्याने गाडी तिथेच थांबते.

सगळ्या टाचण्या डब्यात आल्या का ते मोजा. एक कमी भरली तर ती मशीनमध्येच आहे. गोटी सोडण्याआधी शोधा.